दुसऱ्याने बघितल्याशिवाय

थोरलीला समोरच्या काकूंचा फोन आला, तेव्हा ती प्रयोगशाळेत आठवीच्या मुलांना बुरशी दाखवत होती. दरवर्षी या धड्याच्या आधी ती ब्रेडचा एक तुकडा ओला करून डबीत झाकून ठेवायची आणि आठव्या दिवशी झाकण उघडायची. मुलं "ईऽऽ" करून मागे सरकायची आणि लगेच दुप्पट पुढे यायची. त्या गलक्यात फोन थरथरला. वडिलांच्या दारासमोर राहणाऱ्या या काकू कारणाशिवाय फोन करत नसत. पण कारण शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"बसली आहेस ना?" काकूंनी विचारलं.

"उभी आहे, वर्ग चालू आहे. बाबा बरे आहेत ना?"

"बरे? फारच बरे आहेत! तेच सांगायला फोन केला. अगं, त्यांच्याकडे कुणीतरी राहायला आलंय. बाई आहे."

थोरलीच्या हातातली डबी कलंडली. पहिल्या बाकावरची दोन मुलं किंचाळली.

आईला जाऊन चार महिने झाले होते. धाकटा बोटीवर, वर्षातले दहा महिने पाण्यात. त्यामुळे बाबांकडे दर रविवारी थोरलीच जायची. घर लख्ख असायचं. बाबा जन्मभर एका मोठ्या गोदामाचे प्रमुख होते. त्यांच्या घरात साबणाची वडीसुद्धा रांगेत उभी असायची. त्या घरात एक बाई येऊन राहते आणि रविवारी तिचा मागमूस नाही?

"काकू, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

"माझा?" काकू दुखावल्या. "हे बघ, दर सोमवारी आणि गुरुवारी तुझे बाबा बेकरीतून दोन ब्रेड आणतात. एक साधा, एक तिळाचा. आता तूच सांग, तिळाचा कोण खातं? त्यांना तीळ चालत नाही, तीस वर्षं ऐकतेय मी. बरं, हल्ली दार उघडलं की अत्तराचा वास येतो. या वयात! आणि मला आत घेत नाहीत, दारातच उभं राहून बोलतात."

"एवढंच ना?"

"एवढंच? परवा मी बेल वाजवायला गेले, तर आतून त्यांचा आवाज आला. 'बघ गं, कसं वाटतंय तुला?' असं विचारत होते. अगदी मऊ आवाजात. मी बेल न वाजवताच परत फिरले. आपल्याला काय करायचंय, नाही का?"

त्या 'गं'ने थोरली खचली. ब्रेडचं काहीतरी उत्तर निघालं असतं, अत्तराचंही निघालं असतं. पण वडील एकट्याने 'गं' कशाला म्हणतील? अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली. बसमध्ये तिला एकच चित्र दिसत होतं: आईच्या खुर्चीत कुणीतरी परकी बाई बसलीय आणि दातांतला तीळ काढतेय. आई तीळ दातांत अडकू द्यायची नाही, हेही तिला त्याच वेळी आठवलं, आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

बाबांनी दार उघडलं ते वीतभर. "तू? आज गुरुवार आहे."

"माहीत आहे. आत येऊ का?"

"ये की. म्हणजे, ये. पण घर आवरलेलं नाहीये."

घर आवरलेलंच होतं. फक्त वास येत होता, फुलांचा, इतका दाट की चमच्याने खरवडावा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुगंधी फवाऱ्याच्या तीन बाटल्या उंचीप्रमाणे उभ्या होत्या. आणि आईच्या खोलीचं दार बंद होतं.

"बाबा, आत कोण आहे?"

"कुठे? कुणी नाही."

तेवढ्यात आतून आवाज आला. धप्प.

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा असा झाला, की चोरी पकडली गेलेला माणूससुद्धा त्यांच्यापुढे साव वाटावा.

"वारा असेल," बाबा म्हणाले.

"खिडक्या बंद आहेत."

"हे बघ, मी तुला सांगणारच होतो. दर रविवारी ठरवायचो. हिंमत होत नव्हती."

"किती दिवस चाललंय हे?"

"झाले असतील चार महिने."

"चार?" थोरलीचा आवाज फाटला. "अहो, आईला जाऊन चार महिने झालेत!"

"तेव्हापासूनच," बाबा मान खाली घालून म्हणाले.

यापुढे थोरलीने काही ऐकलं नाही. तिने दार ढकललं. खोलीत पडदे ओढलेले होते, आणि आईच्या पलंगावर पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी आडवं होतं.

थोरली किंचाळली. ती किंचाळली म्हणून बाबा किंचाळले. समोरच्या फ्लॅटमध्ये भांडं पडल्याचा आवाज झाला, म्हणजे काकू दाराशीच होत्या. चादरीखालचं माणूस मात्र हललं नाही.

शेवटी धीर करून थोरलीने चादरीचं टोक धरून ओढलं. खाली आईचे कपडे होते. स्वेटर, शाली, रोजचे, बाहेरचे, सगळे नीट घड्या घालून, डोक्यापासून पायापर्यंत रचलेले.

"कपाट रिकामं करायला लागलं," बाबा म्हणाले. "तिचे कपडे त्याच्याजवळ ठेवणं बरं नाही. डाग जात नाहीत म्हणे."

"कशाजवळ?"

कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्यासमोर जमिनीवर एक ब्रेड पडला होता, विटेसारखा, आवाजालाही विटेसारखाच. थोरलीने दार पूर्ण उघडलं.

गेली बारा वर्षं ती बुरशी शिकवत होती. पण आपण आजवर डबीत बघून समुद्राच्या गप्पा मारत होतो, असं तिला त्या क्षणी वाटलं. चार फळ्यांवर तिळाचे ब्रेड ओळीने उभे होते. वरच्या फळीवरच्यांवर नुसतेच हिरवे ठिपके होते. दुसरीवरचे राखाडी लव आलेले, तिसरीवरचे काळे. तळाच्या फळीवरच्यांना ब्रेड म्हणणं धाडसाचं होतं. एकाला तर चक्क गुलाबी झाक होती, जी पुस्तकातही नव्हती. प्रत्येक पिशवीवर कागदी पट्टी आणि तिच्यावर बाबांच्या सुवाच्य अक्षरात तारीख. जुना माल खाली, नवा वर.

"किती आहेत हे?" तिने नाकावर ओढणी धरून विचारलं.

"इथे चोवीस. नऊ फ्रीजरमध्ये, ते चांगले आहेत. आधी तिथेच ठेवत होतो. जागा संपली. एक मी खाऊन बघितला. नाही जमलं, दातांत तीळ अडकतो."

"पण आणता कशाला?"

बाबा पलंगाच्या कडेवर, कपड्यांना धक्का न लावता बसले. "बेकरीवाला मला बघितलं की दोन्ही बांधायला घेतो. इतकी वर्षं सवय त्याची. तिळाचा नको म्हटलं तर तो विचारणार, का नको? मग मला सांगावं लागणार." ते थांबले. "दुकानात गर्दी असते गं."

थोरलीने दुसरा प्रश्न विचारला, पण तो हळू विचारला. "बरं, आणलेत. पण खराब झाल्यावर टाकले का नाहीत?"

"एकट्याने कसे टाकणार?" बाबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "गोदामाचा नियम आहे. खराब माल दुसऱ्याने बघितल्याशिवाय टाकायचा नाही. एकटा माणूस काय, उगाच चांगलाही टाकेल. घरीही आम्ही तसंच करायचो. मी दाखवायचो, 'बघ गं, कसं वाटतंय तुला?' ती लांबूनच बघायची आणि म्हणायची, 'टाका.' की टाकलं." त्यांनी कपाटाकडे बघितलं. "मी विचारत होतो. चार महिने विचारतोय."

काकूंच्या 'गं'चा उलगडा झाला. थोरली वळली आणि तिने खिडकी सताड उघडली. मग तिने बाह्या सरसावल्या, तोंडाला ओढणी बांधली आणि दोन मोठी पोती मागितली.

बाबांनी हातमोजे घालून पहिला ब्रेड उचलून समोर धरला. "बघ गं."

"टाका," थोरली म्हणाली.

"हा? याची एकच बाजू गेलीये."

"टाका. एका बाजूला दिसते, पण आतून सगळीकडे पसरलेली असते. आठवीच्या मुलांनाही माहीत आहे."

"आणि हा गुलाबी?"

"तो तर आधी टाका!"

चोवीस वेळा बाबांनी विचारलं आणि चोवीस वेळा थोरलीने सांगितलं. पंधराव्यानंतर दोघांना हसू यायला लागलं, विसाव्यानंतर ते थांबलं. शेवटच्या 'टाका'ला तिचा आवाज थेट आईसारखा निघाला. दोघांनीही ते ऐकलं आणि दोघांनीही पोत्याचं तोंड बांधण्यात फार लक्ष घातलं.

पोती घेऊन दोघं जिन्यात आले, तर काकू दारातच होत्या. तोंडाला फडकं बांधलेली मुलगी, हातमोजे घातलेला बाप, आणि दोघांमध्ये पायऱ्यांवर धप्प धप्प आपटत उतरणारं पोतं. काकूंचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला.

"अगं," त्या कुजबुजल्या, "मला वाटलं, तू फक्त समज देशील!"

"काकू, तुम्हाला वाटतंय तसं काही नाहीये."

"मला काहीच वाटत नाहीये! मी काही बघितलं नाही!"

नेमकं तेव्हाच पोतं फाटलं. हिरव्या केसांचं काहीतरी गडगडत काकूंच्या पायाशी येऊन थांबलं. काकूंनी अशी किंकाळी फोडली, की खालच्या मजल्यावरचे तीन दरवाजे उघडले.

"ब्रेड आहे, काकू! तिळाचा!"

काकूंनी एक डोळा उघडून बघितलं. सगळी हकिकत ऐकली. मग त्या आत गेल्या आणि झाडू घेऊन बाहेर आल्या. जिना त्यांनीच झाडला. नाक मात्र पुसत होत्या, वासाने असेल.

पोती कचऱ्यात गेल्यावर थोरली म्हणाली, "आज गुरुवार. बेकरीत मी जाते आणि सांगून येते. एका वाक्याचं काम आहे."

ती वीस मिनिटांनी परत आली. हातात दोन ब्रेड होते.

"सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"गर्दी होती."

"किती?"

थोरलीने चपला काढल्या, पर्स ठेवली, पाणी प्यायली. "एक माणूस होता. त्याचंही झालं होतं."

तडजोड निघाली ती अशी: साधा बाबांनी डब्यात ठेवायचा आणि तीन दिवसांत संपवायचा. तिळाचे लगेच गोठवायचे आणि रविवारी थोरलीने घरी न्यायचे. आधीचे नऊ तिने त्याच दिवशी नेले. तिच्या घरी तिळाचा ब्रेड कुणी खात नाही, ही गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नाही.

महिना झाला. एके दिवशी बाबांचा फोन वाजला. जावई होता आणि तोंडावर हात ठेवल्यासारखा बोलत होता.

"बाबा, बसले आहात ना? तुमच्या लेकीचं काहीतरी बिनसलंय. बर्फ काढायला फ्रीजर उघडला तर बर्फाला जागाच नाही. अठरा ब्रेड आहेत! सगळ्यांवर तारखा. 'टाकून देऊ का' म्हटलं, तर असं बघितलं माझ्याकडे, की मीच फ्रीजरमध्ये जाऊन बसावं. मला तर धक्काच बसलाय."

"तू हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "मी येतो. या कामाला दुसरा माणूस लागतो."

तासाभरात ते दारात उभे होते. हातात एकच पिशवी आणि पिशवीत एकच ब्रेड. साधा.

थोरली बघतच राहिली. "तिळाचा?"

"सांगितलं त्याला. येताना." बाबांनी चष्मा पुसला. "तो म्हणाला, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मग म्हटलं, अरे बाबा, बांधून का देत होतास? तर म्हणतो, तुम्ही घेत होतात. तिळाचा तसा दुसरं कुणीच घेत नाही, फक्त बाईंसाठी भाजायचो. आता बंद करतो हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? गुपचूप भाजत राहिलो."

"म्हणजे तो आपल्यासाठी भाजत होता आणि आपण त्याच्यासाठी घेत होतो?"

"हो. आणि खात कुणीच नव्हतं."

थोरली हसायला लागली आणि तिला बराच वेळ थांबता येईना. जावई घाबरून पाण्याचा पेला घेऊन आला. तो पिऊन तिने डोळे पुसले, फ्रीजर उघडला आणि समोरचा ब्रेड काढून वडिलांपुढे धरला. "बघा, बाबा."

बाबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. अठराही तपासून झाले.

"माल चांगला आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "नीट ठेवलायस. हा टाकता येणार नाही."

"मग?"

"मग काय, खावा लागेल."

तवा तापला. तिघं टेबलाशी बसले, आणि जावई समोरच्या बशीतल्या तिळांकडे बघत म्हणाला, "पण यात माझा काय दोष?"

"खा," बापलेक एका आवाजात म्हणाले.