गोधडीतलं अर्थशास्त्र

भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहायचे. आमच्या भांडुपच्या चाळीतले, माझ्या शेजारच्या खोलीतले आप्पा सावंत. गोधडीत टेपरेकॉर्डर, हातात बॅटरी आणि मांडीवर बी.ए.चं अर्थशास्त्र! समोरच्या शैलाला दिसत नव्हतं. तिची परीक्षा तोंडावर आलेली आणि ते पुस्तक ब्रेलमध्ये कुठेच मिळेना. म्हणून आप्पा ते वाचून तिला कॅसेटवर भरून देत होते.

आता गोधडी कशाला? तर पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं, परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण केल्यास कायदेशीर कारवाई होईल. झालं! आप्पांची पाचावर धारण बसली. "माका आत घालतले गो!" हे उठता-बसता सुरू. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. आणि शहाणपणा बघा, प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ती धमकीसुद्धा वाचायचे, स्वतःच्या आवाजात!

"अहो, ते कशाला वाचता?" मी कपाळावर हात मारला.

"पुस्तकातलं काय गाळायचं नाय. पोरगी नापास झाली तर?"

"मग सरळ प्रकाशकाला विचारून टाका ना!"

"आणि तो नाय म्हणाला तर?" आप्पा खेकसले. "मग वाचायचं कसं?"



परीक्षेच्या आदल्या दिवशी शैला शेवटच्या कॅसेटसाठी त्यांच्याकडे येऊन बसली होती. तेवढ्यात दारात खरोखरचा हवालदार! मी धावत गेले, तर आप्पा गोधडी फेकून शैलाच्या पुढे उभे.

"गुन्हो माझो. ह्या चेडवाचो काय दोष नाय. एकच धडो रवलो. तेवढो वाचून होऊंदे, मगे खंय होया थंय न्या माका."

हवालदार चक्रावला. "अहो काका, मला नाईकांची खोली पायजे. त्यांच्या पोराच्या पासपोर्टची चौकशी आहे."

एरवी मी पोट धरून हसले असते. पण आप्पांचा चेहरा पाहून हसू आलंच नाही.

जाता जाता हवालदाराने शैलाकडे बघून विचारलं, "नात का तुमची?"

"नाय," आप्पा मटकन खाली बसले. "माझां कोण नाय."

"असं काय हो," शैला म्हणाली. "नातच आहे मी. वाचा आता."

आप्पांनी बटण दाबलं. कॅसेट फिरत राहिली. त्यांना काही केल्या वाचता येईना.