जात्यावरची आगगाडी

सापगावचा लडकू आसनगाव स्टेशनात हमाल होता. भाताच्या गोणी आणि गवताच्या गासड्या डब्यात चढवायच्या, एवढंच त्याचं काम. पण कुणी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "आमी रेल्वेत हाव." (रेल्वेत तो खरोखरच असायचा. गासडी ठेवायला डब्यात शिरावं लागायचं आणि गाडी सुटायच्या आत उडी टाकून बाहेर यावं लागायचं.)

या 'रेल्वेत हाव' पायीच त्याच्या संसारात एक काटा मोडून बसला होता. त्याची बायको जिवली मुरबाडकडची. त्या मुलखात रेल्वे नाही. लग्नाच्या मांडवात सासूने, धोंडीबाईने, सहज विचारलं, "जावयबापू, गाडी असते तरी कशी वो?" हळदीने पिवळा झालेला माणूस मागचापुढचा विचार करत नाही. लडकू म्हणाला, "इचारता काय मामी? येत्या गौरीला तुमाला गाडीत बसवून फिरवतो!"

ती गौर आली आणि गेली. मग एकदा लावणी आडवी आली, एकदा झोडणी, एकदा बैल आजारी, एकदा लडकूचाच पाय मुरगळला. पोरं गुरांमागे जायच्या वयाची झाली, तरी सासूची गाडी काही सुटेना. शेवटी धोंडीबाईने निरोप धाडला, "जावयाची गाडी बघीन, तवाच लेकीचा उंबरा चढीन." आणि बाई शब्दाची अशी पक्की, की खरोखरच आली नाही.

गौरीच्या सणाला गावात घरोघर माहेरची माणसं यायची. शेजारच्या मंगळीची आई तर आल्या आल्या सगळ्या आळीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडून लेकीला पोटाशी धरायची. जिवली तेव्हा उगाच पाण्याची घागर घेऊन मुरबाडच्या वाटेकडे बघून यायची. परत आली की लडकूला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. लडकूला ते फार लागायचं. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी श्रावणात ती फक्त एवढंच म्हणाली, "आये आता थकली. कवा येनार ती?" आणि लडकूच्या मनाने घेतलं. सासू गाडीकडे येत नाही ना? मग गाडीच घरी आणू. यंदा गणपतीपुढे आरास करायची ती आगगाडीची. आणि नुसती उभी नव्हे, चालती, वाजती!

(आता तुम्ही म्हणाल, मुरबाडला जाऊन म्हातारीला बैलगाडीत घालायचं आणि आसनगावच्या फलाटावर नेऊन उभं करायचं, हे सोपं नव्हतं का? होतं. पण सोपं सुचणाऱ्या माणसांच्या गोष्टी कुणी सांगत बसत नाही.)

गावचा सुतार वाळू त्याचा जिवलग. त्याने सावरीच्या हलक्या लाकडाचं इंजिन आणि डबे कोरून दिले. बैलगाडीचं एक जुनं चाक आडवं ठेवून त्याच्या कडेवर गाडी बसवली. चाक फिरलं की गाडी फिरणार. भोवती मातीचे डोंगर, त्यावर शेवाळाचं रान, आणि डोंगराला फुटक्या घागरीचे दोन बोगदे. (जिवलीच्या मते ती घागर बोगदा होण्याआधी फुटकी नव्हती.) चाकाला खालून खुंट्या मारल्या. एक खुंटी आली की निशाणवाला हात वर करायचा, दुसरी आली की लाकडी बाई उखळात मुसळ घालायची, तिसरी आली की बैलाच्या गळ्यातली घंटा वाजायची. तीच स्टेशनची घंटा.

"हे झाक झालं," वाळू म्हणाला. "पन चालवनार कशानं?"

पहिल्यांदा दोरी बोकडाला बांधली. गाडी मेलच्या वेगाने निघाली आणि तुळस ओलांडून मंगळीच्या परसात जाऊन थांबली. दुसऱ्यांदा दोरीला धोंडा बांधून आढ्यावरून सोडला. तो एकदाच खाली आला, पण वाळूच्या पायावर आला. दोघेही डोकं धरून बसले होते, तेवढ्यात कुडापलीकडे पडवीत जिवलीने दळण सुरू केलं. घर्रर्र, घर्रर्र.

लडकू ताडकन उठला. "वाळू, ऐकलंस? पुलावनं गाडी चाललीया!"

झालं! कारवीच्या कुडाला भोक पाडलं, त्यातून दोरी ओढली, तिचं एक टोक जात्याच्या वरच्या तळीला वेढलं आणि दुसरं चाकाच्या आसाला. पलीकडे जातं फिरलं की अलीकडे गाडी धावायची, आणि आवाज तर हुबेहूब. वर शिट्टीसाठी वाळूच्या तोंडात पिपाणी होतीच.

जिवली सगळं बघून म्हणाली, "फिरवा. पन सांगून ठेवते, माझं जातं रिकामं फिरवायचं नाय. दगडावर दगड घासला की टाकीच्या खाचा मरतात. दाणं घालूनच गाडी हाकायची."

"तेवढंच ना?" लडकू म्हणाला. "खऱ्या गाडीला नाय का काय ना काय घालावं लागत?"

गाव बघायला लोटला तो गणपती बसायच्या आधीच. आणि बघून गाव नाराज झाला. का, तर इंजिनाला धूर नाही! लडकू कानीकपाळी ओरडून सांगू लागला, "अरे, आता तारेवरची इजेची गाडी झाली. धूर नाय सोडत ती." कुणी ऐकेना. एका म्हाताऱ्याने तर इंजिनावर उदाचं धुपाटणं ठेवायला आणलं. लडकूने ते हात जोडून परत पाठवलं. रेल्वेतला माणूस तो, खोटी गाडी कशी दाखवील?

जिवलीचा भाऊ अनंता शहापूरच्या बाजारात भेटला होता, त्याच्याबरोबर निरोप गेला होता, "मामींना सांग, जावयाची गाडी घरात उभी हाय. बघायला या." पण गौर दोन दिवसांवर आली आणि आभाळ फाटलं. काळू नदीला पूर, मुरबाडची वाट बंद.  जिवली घागर घेऊन गेली आणि परत आली. लडकू दोरीला तेल लावत बसला होता. त्याचा हातच चालेना.

गौरीच्या दिवशी गाव पुन्हा आला. जिवली चुलीपुढे. मग जातं कोण फिरवणार? वाळूच्या तोंडी पिपाणी, म्हणजे तोही नाही. राहिला लडकू. पुरुषासारखा पुरुष, पाय पसरून जात्याशी बसला. कुडाच्या अलीकडे तो आणि पलीकडे त्याची गाडी. लोक "वा वा!" करत होते, पोरं टाळ्या पिटत होती आणि ज्याची गाडी, त्याला समोर दिसत होती ती फक्त कारवीची काडी.

आणि दाणे संपायचे नाव घेईनात. नाचणी घातली की जातं हलकं, गाडी मेल. तांदूळ घातले की जड, गाडी मालगाडी. जिवली मधूनच यायची, दाण्यांचा वैरा टाकायची आणि सांगून जायची, "आता मालगाडी सोडा, वड्याचं पीठ पायजे." थोड्या वेळाने मंगळी आली, तिच्या कडेवर टोपली. "लडकूभावजी, आमचंबी थोडं घ्या. आमाला काय, गाडी बघायचीय." मंगळीमागून आणखी बाया, आणखी टोपल्या.

अशात पलीकडे एकदम शांत झालं. मग जिवलीचा आवाज आला, "आये गो!" आणि असा हंबरडा, की मंगळीच्या आईचा त्यापुढे काही पाडच नाही.

लडकूचे हात थबकले. गाडी बोगद्यात अडकली.

"थांबवू नका वो!" धोंडीबाईचा आवाज. "चालू द्या! बघू द्या!"

लडकूने दात ओठ खाऊन नाचणीची अशी मेल सोडली, की घंटा घणघणली आणि लाकडी बाईचं मुसळ उखळाबाहेर पडलं. इकडे वाळूचे गाल फुगले. पलीकडे सासूबाई बोलत होती आणि लडकू कान देऊन ऐकत होता.

"धूर नाय केला ते बरं केलं. नायच सोडत ती धूर." (शाबास! अख्ख्या गावात एक समजदार माणूस भेटलं.) "पन खिडक्यांना गज पायजेत. आन् त्यो तिकीट बघनारा कुठं हाय, काळ्या कोटातला?"

लडकूला गहिवर आला. न बघता किती कळतं म्हातारीला!

"आन् जावाय कुठं हायती?"

जिवलीने कुडाकडे बोट दाखवलं असावं. कारण पुढच्याच घटकेला धोंडीबाई कुडाच्या कडेने आत आली आणि तिला तिचा जावई दिसला. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरा, मिशा तेवढ्या नाचणीच्या, पुढ्यात मंगळीची टोपली. म्हातारी बघतच राहिली. मग हसायला लागली ती पोट धरून, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"आमच्या सात पिढ्यांत बाप्यानं जात्याला हात नाय लावला," ती म्हणाली. "आन् तुमी माझ्या लेकीचं दळन दळता? आता राग धरू तरी कुनावर?"

तिने चोळीखण, नारळ जिवलीच्या ओटीत घातला आणि लडकूच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला पीठ लागलं. लडकू आयुष्यात इतका सुखावला नव्हता.

"पन मामी, काळूला एवढा पूर, तुमी आलाव कशा?"

"आलाव झालं," धोंडीबाई म्हणाली. "आन् थांबलात का? चालू द्या."

गौर होती तोवर गाडी चालू होती. सासू आरामात मखरापुढे बसायची आणि पानाला चुना लावत म्हणायची, "अजून एक फेरी, जावयबापू." सासूच ती, नाही कशी म्हणणार? तळहाताला फोड आले, खांदे भरून आले, गावातल्या निम्म्या टोपल्या दळून झाल्या. पण पलीकडे मायलेकी दिवसभर हसत होत्या, आणि त्या हसण्यासाठी लडकूने मुंबईपर्यंत दळलं असतं.

गौरी बोळवल्या. नदी अजून उतरली नव्हती. धोंडीबाई म्हणाली, "आमाला आसनगावला सोडा."

लडकूचा आनंद गगनात मावेना. आता खरी गाडीही दाखवायची! सारी वाट तो सासूला समजावत होता, "मामी, भिऊ नका. लोखंडाची हाय. येते तवा जिमीन हादरते. मी हाय जवळ, माझा हात धरा." धोंडीबाई मान डोलवत होती. तिच्याबरोबर आलेला अनंता मात्र सगळ्यांच्या पुढे दुसरीकडेच बघत चालला होता.

गाडी आली. लडकू सासूचा हात धरायला वळला, तर सासू तिथे नाही. ती लुगडं सावरत तरातरा पुढे निघाली होती. "अनंता, हितं नको रं चढू! बायांचा डबा फुडं असतो, तू त्याच्या बाजूच्यात चढ. आन् येताना झोपलास तसा कल्यानला झोपू नको, मुरबाडची मोटार निघून जाईल!"

लडकूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "मामी... तुमी गाडीनं आलाव?"

"मग काय पोहत येऊ?" गजाआडून धोंडीबाई म्हणाली. "पूर होता ना. मोटारीनं कल्यान, तिथनं गाडी. बरी असते, पन तुमच्यावानी घंटा नाय तिला."

"मग सांगितलं नाय ते!"

"तुमी एवढ्या हौसेनं दळत होताव. माझं मन होईना. जिवलीला मातर पयल्याच दिशी सांगितलं होतं."

"आन् ती काय म्हनाली?"

गाडीने शिट्टी दिली, डबा हलला. धोंडीबाईने गजाबाहेर तोंड काढलं आणि ओरडून सांगितलं, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं.

"म्हनाली, गप ऱ्हा आये, नाचणी अजून उरलीया!"