चार नखांचा संसार

"अहो, एवढं झाकण उघडून द्या," इतकंच ती म्हणाली. मधाच्या बरणीशी झटून तिचा तळवा लाल झाला होता आणि नवरा समोर खुर्चीत डोळे मिटून संध्याकाळच्या कार्यक्रमाचं मनन करत होता. मननातच त्याने बरणी घेतली, झाकण पिळलं आणि कट् असा आवाज झाला. झाकण होतं तिथेच राहिलं. उजव्या अंगठ्याचं नख मात्र निम्मं तुटलं.

तिचा नवरा गिटारसाठी रचना करायचा. नवसंगीत म्हणतात ते. कधी तारा छेडायच्या, कधी नुसतं लाकूड ठोकायचं, कधी बराच वेळ काहीच करायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "तुमचं सुतारकाम कधी संपणार हो?"

ही गिटार उजव्या हाताच्या नखांनी वाजते. त्यामुळे लग्न झाल्या झाल्या तिला कळलं होतं, की या घरात चार नखं आहेत आणि त्यांनी भांडी घासायची नाहीत, पिशवी उचलायची नाही, खिडकीची कडी लावायची नाही. लेक तान्ही होती तेव्हा लंगोट बदलतानाही नखंच आडवी आली. "तिला लागेल गं," तो अगदी हळवा होऊन म्हणाला होता. उद्या कुणी त्याच्या कारकिर्दीवर लिहिलंच, तर रचनांखाली त्याचं नाव येईल. भांड्यांखाली कुणाचंच येत नाही.

"तीस वर्षांत एकदा घरकाम सांगितलंस," तो पांढराफटक पडून म्हणाला, "आणि बघ काय केलंस!"

"मी केलं?"

"मग बरणीने केलं?"

त्याची सर्वांत मोठी रचना त्या संध्याकाळी पहिल्यांदा लोकांपुढे वाजायची होती. रुसायला वेळ नव्हता. गिटारवाल्यांचा एक जुना तोडगा असतो: टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखाखाली चिकटवायचा. तिने चेंडू आणला, तुकडा कापला, झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब उघडली.

"दे इकडे, तुला नाही जमायचं," म्हणत त्याने ती दाबली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना घट्ट चिकटली. चिमूटभर मीठ टाकत असावा तसा तो दिसू लागला. मीठ त्याने कधी टाकलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तिने नेलपॉलिश काढायचं औषध कापसाने लावलं. बोटं सुटली, पण त्या औषधाने चेंडूचा तुकडाही विरघळला आणि त्याचा चिकटा उरलेल्या नखांवर पसरला. तो खरवडताना आणखी दोन नखं गेली. आता एकच मार्ग होता. कोपऱ्यावरचं पार्लर.

"काका, टोकदार हवीत की गोल?" पार्लरवालीने विचारलं.

"स्वराला पोषक."

"पोषक नाहीत, गुलाबी आहेत. साधी संपली."

गुलाबी तर गुलाबी. बसवून झाल्यावर ती बाई अभिमानाने म्हणाली, "दगड आहेत दगड! भांडी घासा, कपडे धुवा, फरशी पुसा. तुटली तर मला सांगा."

"परत सांगा," बायको म्हणाली.

"काय?"

"ते भांड्यांचं."

संध्याकाळी तो वाजवायला बसला आणि पहिल्याच स्वराला तिच्या अंगावर काटा आला. इतका भरदार, गोल नाद त्याच्या गिटारमधून कधी निघाला नव्हता. मधल्या शांततासुद्धा बऱ्या वाटल्या. आयोजक धावत आला. "हा नाद आजवर कुठे लपवला होतात? पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात, माझ्याकडून पक्कं. मात्र अगदी असाच वाजला पाहिजे!"

टॅक्सीत त्याचे डोळे भरून आले. तिलाही बरं वाटलं, अगदी मनापासून. आयुष्यभर वाट पाहिली होती बिचाऱ्याने. जेवण झाल्यावर ती सहज बोलावं तसं बोलली, "उद्यापासून ताटं तुम्ही घासा, मी पुसेन. आता काय, दगड आहेत."

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. ती ताटं तशीच ठेवून झोपायला गेली, तीस वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर तो नेलपॉलिशच्या त्या वाटीभर औषधात बोटं बुडवून बसला होता. गुलाबी कपचे वर तरंगत होते.

"अहो! आणि पुढच्या महिन्याचा कार्यक्रम?"

"नाही म्हणून कळवलं."

"नाही म्हणून?"

"उसन्या नखांचा नाद तो उसनाच," त्याने शांतपणे सांगितलं. "कलावंताला कुठेतरी ठाम राहावं लागतं."

मग त्याने तिच्या पदराला बोटं पुसली, टोकांवर हळुवार फुंकर घातली, रात्रीच्या ताटांकडे एकदा पाहिलं, "तेवढी वाटी धुऊन टाक हं, फार उग्र वास आहे," असं म्हणाला आणि ठाम राहायला बाहेरच्या खोलीत गेला.