पिवळ्या कार्डाचं पातेलं

देह नश्वर आहे. त्याच्या तक्रारी मात्र कार्यालयीन नोंदवहीत चढल्या की अमर होतात.

आमच्या कार्यालयात चौसष्ट माणसं. खानावळ समितीने 'कुणाला काय सोसत नाही' असा तक्ता फिरवला, आणि एकाच दुपारी एक्केचाळीस जणांना गव्हातलं ग्लुटेन सोसेनासं झालं. (मोठ्या साहेबांना ते आदल्याच दिवशी सोसेनासं झालं होतं. योगायोग.) डॉक्टरांचा कागद एकाकडेही नव्हता, भावना तीव्र होत्या.

कागद जोडला फक्त आवक खिडकीवरच्या ताईंनी. 'सोयाबीन. घसा सुजतो, श्वास अडतो.' ताई जरा भडक लिहितात, अशी समितीने नोंद घेतली.

समिती समदृष्टीची. बेचाळीस जणांना एकाच रंगाचं पिवळं कार्ड आणि एकच वेगळं पातेलं मिळालं.

आचाऱ्याने समितीला विचारलं, "साहेब, गव्हाचं पीठ बंद, मग रस्सा दाट करू कशानं?"

"बहुमताला चालेल अशानं."

बहुमताला सोयाचं पीठ चालत होतं.

मंगळवारी ताई ताट घेऊन वाढप्यापुढे उभ्या राहिल्या. "दादा, यात सोयाबीन नाही ना?"

"कार्ड पिवळंच आहे ना ताई? मग हे तुमचंच पातेलं. निर्धास्त जेवा."

तिसऱ्या घासाला ताईंचे ओठ सुजले. टेबल धरून त्या खाली बसल्या. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"अगदी अस्संच होतं हो मला, पाव खाल्ला की!" लेखा विभागातले भाऊसाहेब कळवळून म्हणाले, आणि त्यांनी रस्सा वाढून घेतला. ताईंना उचलून दवाखान्यात नेलं ते शिपायाने. (त्याच्याकडे कार्ड नव्हतं. सगळं पचतं बिचाऱ्याला.) इंजेक्शन वेळेत मिळालं, ताई वाचल्या.

रीतसर चौकशी झाली. बेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांना काहीही झालं नाही, म्हणजे योजना अठ्ठ्याण्णव टक्के यशस्वी. पातेलं निर्दोष. ताईंना लेखी समज: यापुढे त्रास बहुमताला धरून व्हावा.

त्या परतल्या तेव्हा स्वागताला केक आणला. गव्हाचाच. एक्केचाळीस जणांनी दोन-दोन तुकडे घेतले. प्रेमाने खाल्लेलं बाधत नाही म्हणे. ताईंनी दुरूनच विचारलं, "यात काय काय घातलंय?"

"काय बाई कटकट! आजारपणाचं किती ते कौतुक!"

ताई आता घरून डबा आणतात आणि खिडकीमागे एकट्या जेवतात. त्यांचं कार्ड समितीने परत घेतलंय, म्हणजे एक जागा रिकामी आहे. हे वाचता वाचता 'पण मला खरंच गव्हाने जडपणा येतो हो' असं ज्यांच्या मनात आलं, त्यांनी अर्ज करावा. डॉक्टरांचा कागद नको. त्याने शंका येते.