बाबांची फुंकर

"साहेब, पोलिसांच्या दारू तपासायच्या यंत्रात कुणी फुंकलंच नाही, तर तुम्ही काय करणार?"

हा प्रश्न मी भर वर्गात विचारला! रस्ता सुरक्षेचं भाषण द्यायला फौजदार आले होते आणि मैत्रिणींनी पैज लावली होती. शेजारची कौसल्या कोपरानं ढोसत होती, "विचार की! हिंमत न्हाई का?" हिंमत? ती तर आजकाल माझ्यात दुधासारखी उतू जात होती!

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. फौजदार मात्र गंभीर. म्हणाले, "संशय असताना माणूस फुंकायला नाही म्हणाला, तर वॉरंटशिवाय अटक. मग डॉक्टर, रक्ताची तपासणी. विनाकारण नकार दिला, तर कोर्टात तोच त्याच्याविरुद्ध पुरावा!"

झालं! त्या दिवसापासून मी अर्धी वकीलच. फक्त घरी ह्या ज्ञानाचा काही उपयोग नव्हता. बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत!

पुढच्याच मंगळवारी अंगारकी. आई, बाबा आणि मी आमच्या टेंपोतून राजूरच्या गणपतीला गेल्तो. ह्याच टेंपोतून बाबा एमआयडीसीत बियाण्याची पोती वाहतात. टेंपो चालला तर घर चाललं. बाबांचा उपास निर्जळी. परत येताना एक शेळी आडवी आली, बाबांनी टेंपो गर्रकन वळवला, आणि तो लग्नातल्या नाचऱ्या घोड्यासारखा डुलत डुलत थांबला. कुठे? पोलिसांच्या पुढ्यात!

हवालदारानं बाबांचे तांबारलेले डोळे पाहिले, बसलेला आवाज ऐकला आणि यंत्राची नळी पुढे केली. "फुंका."

"बिलकुल न्हाई!" बाबा म्हणाले. "आज माझी अंगारकी. सकाळपासून कितीक बेवड्यांनी तोंड लावलं असंल हिला! ही उष्टी नळी मी तोंडात घालू?"

"म्हंजे नकार देऊन राह्यले तुम्ही?"

"हो!"

लायसन गेलं की टेंपो दारात उभा! मी ओरडले, "बाबा, नकार म्हंजे पुरावा! अटक! डॉक्टर! रक्त!"

हवालदार चमकला. "पोरीला सगळं बराबर पाठ हाये. ह्यांना आधी बी धरलं होतं का?"

"शैले, गप बस!" आई किंचाळली. "अहो, फुंका की! गणपती समजून घेईल, हे सायब घेणार न्हाईत!"

"रक्त काढा पायजे तर," बाबांनी मनगट पुढे केलं. "पण उष्टं न्हाई म्हंजे न्हाई!"

मंग मीच हात जोडले. "काका, नवी नळी न्हाई का हो?"

"अगं, दर माणसाला नवीच लावतो! हे बोलूच देईनात." त्यानं आमच्यासमोर पाकीट फोडलं.

बाबांनी नळी उलटीसुलटी करून पाहिली, डोळे मिटले आणि फुंकलं. यंत्र गप्प! उपाशी पोटात वारा तरी कुठला?

"जोरात!" हवालदार.

"बाबा, जोरात!" मी.

मागे अडकलेल्या जीपमधले भाविकसुद्धा आरोळ्या द्यायला लागले, "मोरया! लावा जोर!"

शेवटी बाबांचे गाल मोदकासारखे फुगले आणि यंत्रावर आलं शून्य! "जा घरी जल्दी," हवालदार म्हणाला, "आणि काहीतरी खा." मी सुटकेचा असा श्वास सोडला, की तो नळीत गेला असता तर यंत्रच फुटलं असतं!

टेंपोत बसता बसता मी जाहीर केलं, "आई, बाबा, ठरलं! उद्यापासून सकाळची चूल बाबांनी फुंकायची. दम वाढला पायजे!"

"चूल? मी?" बाबा म्हणाले.

आई इतकी हसली, इतकी हसली, की हवालदार यंत्र घेऊन तिच्याकडे वळला!