खराखुरा भाडेकरू

वस्तीतल्या भाडेकरूंचे हाल थांबलेच पाहिजेत, यावर वस्तीतल्या तमाम घरमालकांचे एकमत झाले आणि भाडेकरू संरक्षण समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश बसले. सदस्यही एकापेक्षा एक शिकलेले. उणीव एकच निघाली. समितीत भाडेकरू कोणीच नव्हता. तेव्हा शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना प्रतिनिधी म्हणून सन्मानाने पाचारण करण्यात आले.

मास्तर हुरळून गेले. बायकोने भाजी चिरता चिरता विचारले, "घरमालकांना विचारलंत का?"

"त्यांना कशाला? संरक्षण माझं व्हायचंय."

"म्हणूनच म्हणते."

जाहीर सभेत मास्तर मनापासून बोलले. ओल धरलेली भिंत, मनाला येईल तेव्हा वाढणारे भाडे, खिळा ठोकायची बंदी. चित्रकलेच्या मास्तरांच्या घरात एकही चित्र टांगलेले नाही, हे ऐकताच सभागृहात रुमाल निघाले. सर्वांत मोठा रुमाल त्यांच्या घरमालकांचा होता.

सकाळी घरमालक दारात हजर.

"काय बोललात, मास्तर! मला तर रात्रभर भरून येत होतं. बरं, खोली रिकामी करा."

"अहो, काल टाळ्या वाजवल्यात ना?"

"विचाराला वाजवल्या. विचार आणि खोली यांची गल्लत करू नका."

बायकोने गादी गुंडाळली, मुलीने दप्तर उचलले आणि तिघे थेट समितीपुढे उभे राहिले. समितीने प्रकरणाची अत्यंत गंभीर दखल घेतली. बरीच चर्चा झाल्यावर न्यायाधीश जड आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्ही आता भाडेकरू उरला नाहीत. त्यामुळे तुमचं सदस्यत्व आपोआप संपतं. बेघरांचा विषय आमच्या कक्षेत येत नाही."

मास्तर मान खाली घालून वळले. बायको मात्र हलली नाही.

"साहेब, तुमच्या बंगल्यामागची खोली रिकामीच असते ना?"

"रिकामी कुठे? तिथे माझी पुस्तकं आहेत."

"कसली?"

"सामाजिक न्यायावरची," न्यायाधीश पुटपुटले.

तिने सचिवांकडे पाहिले. सचिव घाईघाईने म्हणाले, "वहिनी, आमची वरची खोली कालपर्यंत सहज दिली असती. पण समितीने भाडेकरूला एवढं संरक्षण द्यायचं ठरवलंय, की आता ठेवायचीच भीती वाटते."

मायलेकी मावशीकडे गेल्या. मास्तर शाळेच्या रंगसामानाच्या खोलीत झोपू लागले. समितीने त्यांच्याबद्दल तीव्र दुःख व्यक्त करणारा ठराव एकमताने संमत केला आणि नवा भाडेकरू शोधायला घेतला.

मास्तर अजून खोली शोधत आहेत. माणूस सभ्य, कुटुंब लहान, आवाज नाही. त्यांची हकिगत ऐकून तुम्हालाही वाईट वाटले, हे दिसतेच आहे. म्हणून विचारतो, तुमच्याकडची ती मागची खोली...

नाही, राहू द्या. पाहुणे येतात, ठाऊक आहे.