वेष्टन शाबूत असावे

पालमच्या कनिष्ठ महाविद्यालयातून अर्थशास्त्राचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या किशनराव सरांनी ‘बाजार मोकळा, माणूस मोकळा’ हे सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक स्वखर्चानं छापलं. तालुक्यात कुठलाही अनुचित प्रकार घडला नाही.

पारदर्शक प्लास्टिकात गुंडाळलेल्या प्रती मांडवाखालच्या नवरीसारख्या लाजून बसल्या होत्या. फुकटच्या वस्तूची कदर नसते आणि फुकटचं जेवण जगात कुठंच नसतं, असं पुस्तकात ठासून सांगितलं होतं. प्रकाशनाला पुरी-भाजी आणि बुंदी ठेवली, तेव्हा कुठं मांडव भरला. हात धुऊन लोक म्हणाले, “सर, एक सही करून द्या की!”

“अडीचशे रुपये.”

“पुस्तकाचे?” माणूस असा मागं सरायचा, की सरांनी माठातल्या पाण्याचे पैसे मागितले असावेत.

सरांना पैसा नको होता. त्यांना वाचक हवा होता, एकच. त्यानं आडवेळी फोन करावा आणि म्हणावं, सर, तुमचं तिसरं प्रकरण काय पटलं न्हाई बगा. मग सर भांडायला मोकळे.

अशात वरून फर्मान निघालं की सत्काराला हार-गुच्छ नकोत, पुस्तक द्यावं. कोणतं, ते फर्मानात नव्हतं. तालुक्यात सत्कारांना तोटा नव्हता. बदली होऊन आलेल्याचा, बदली होऊन गेलेल्याचा, बदली रद्द झालेल्याचा. आणि पुस्तकांचे गठ्ठे होते ते सरांच्याच माडीवर. बघता बघता माडी रिकामी झाली. सर फोन उशाला घेऊन बसले. फोन आला तो एकच, अजून गठ्ठे हायेत का म्हणून.

शेवटी सर स्वतःच वाचकाच्या शोधात निघाले. ज्या साहेबांचा पहिला सत्कार झाला, ते म्हणाले, “उत्तम पुस्तक! दहावीत पहिली आली म्हणून अर्पिताला दिलं.” अर्पिताचे वडील दत्तराव म्हणाले, “लय भारी पुस्तक, सर! मेव्हण्याच्या लग्नात आहेर केला.” मेव्हणा म्हणाला, “मानवतला मुंजाजीला दिलं आन् दोन टॉवेल-टोप्या आणल्या.”

मानवतच्या मुंजाजी आहेर भांडारावर पाटी होती : ‘सरांचे पुस्तक घेतले व दिले जाईल. वेष्टन शाबूत असावे. वाचलेला माल परत घेतला जाणार नाही.’

“मुंजाजी, एखादं फोडून बघ तरी.”

“येडं लागलं का मला, सर? नोटंवर काय छापलंय ते कुणी वाचतंय का? चालायलीय ना? मग चालू द्या की!”

पैसा चालतो तो लोकांच्या विश्वासावर, हे चौथ्या प्रकरणात त्यांनी याच चालीवर लिहिलं होतं. चौथं प्रकरण इतकं अचूक समजलेला माणूस त्यांना अखेर भेटला होता, आणि त्यानं पुस्तक उघडलेलं नव्हतं.

पुढं ताडकळसच्या बाजारात शेळीचा भाव पुस्तकांत बोलला जाऊ लागला. मिरचीवाल्या सगुणाबाई “अर्धं पुस्तक सुट्टं न्हाई” म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू लागल्या. एका पतसंस्थेनं पुस्तकं तारण घेऊन तिजोरीत ठेवली. ग्रंथालयात ठेवायचा प्रस्ताव संचालक मंडळानं एकमतानं फेटाळला. तिथं ती वाचली जाण्याची जोखीम होती.

सरांचं टाळकं सरकलं. भरबाजारात त्यांनी एक प्रत विकत घेतली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि मोठ्यानं पहिलं प्रकरण वाचायला सुरुवात केली.

“आरारारा!” सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. “चांगला माल नासवला की वो सर!”

सरांनी आणखी एक फाडलं. आणखी एक. ऐकायला कुणी थांबलं नाही, पण बाजारात प्रती कमी झाल्या आणि दिवस कलायच्या आत भाव चढला. मुंजाजी मोटारसायकल दामटत आला. “सर, अजून चार फाडा. लय उपकार व्हतील!”

व्यापाऱ्यांनी मग सरांचा जाहीर सत्कार केला. मानपत्रात ‘बाजाराचे आधारस्तंभ’ असा उल्लेख होता. शाल दिली, नारळ दिला, आणि तिसरी वस्तू काय दिली ते सांगायला नको.

घरी येऊन सरांनी ते पुस्तक फोडलं. म्हणाले, निदान आपण तरी वाचावं. आत बियाण्यांच्या जुन्या जाहिराती होत्या, एका मापात कापून नीट चिकटवलेल्या. सरांचं फक्त वरचं पान होतं.

“बनावट माल! मी पोलिसात जातो!”

“जावा की,” सरांच्या पत्नी धुरपताबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. “ते इचारतील, बाकीच्यांत काय हाय? समदी फोडावी लागतील. झाकली मूठ उघडली की तालुका उघड्यावर. मग आधारस्तंभाला कोण इचारतंय?”

सर उभे होते ते बसले. बराच वेळ शाल घडी करत राहिले.

“आवं, उद्या ताडकळसला माझ्या भाचीचं, निकिताचं लगीन हाय. आहेराला काय न्यायचं?”

सरांनी मेणबत्ती पेटवली. प्लास्टिकची कड नाजूक हातानं, लेकराचं टोपडं बांधावं तशी, चिकटवून टाकली.

दुसऱ्या दिवशी निकिताच्या सासऱ्यानं पुस्तक कपाळाला लावलं. करवल्यांनी गाणं धरलं :

पुस्तकाची नवरी, काचंच्या पदराची
कुणी न्हाई पाहिली, काया गं अंतराची

मांडव हसला. एका वाचकासाठी झुरलेला तो माणूस मात्र हात जोडून देवाला मागत होता, कुणी वाचू नये रे बाबा.

त्या सासऱ्याकडून पुस्तक पुढं कुठं गेलं, पत्ता नाही. तुमच्याकडंही आलं असेल, कुण्या बारशात, कुण्या निरोप समारंभात. शोकेसमध्ये चमकायलंय ना? फोडून बघा की, आत काय हाय ते.

न्हाई फोडत? कामून? रविवारी कुणाचं लगीन हाय?